माझ्या खात्यावरची खोली

आपांनी जिन्यात थांबून विचारलं, "भाऊ, बुकिंग पक्कं आहे ना?" आणि मी म्हणालो, "पक्कं आहे, आपा. निर्धास्त जा."

ते पक्कं आहे की नाही, हे मला माहीत नव्हतं. नऊ दिवसांपासून माझं खातं उघडत नव्हतं. मी क्लबच्या कार्यालयाला फोन केला नव्हता, कुणाला विचारलं नव्हतं. तरी हो म्हणालो. पुढं जे झालं त्यात एका चोराचा हात होता, हे खरं आहे, आणि ही हकिगत सांगताना मी नेहमी त्या चोरापासूनच सुरुवात करत आलो. इथं जिन्यापासून केली, कारण जिन्यात चोर नव्हता. तिथं मी होतो आणि आपा होत्या.

मी औरंगाबादेत, चिकलठाण्याच्या एका कारखान्यात तपासणी विभागात आहे. बाहेरून आलेला माल मोजायचा, सोबतचे कागद पाहायचे आणि मगच आत घ्यायचा, हे माझं चोवीस वर्षांचं काम. दाखला नसेल तर मी गाडी गेटवर उभी करतो, ड्रायव्हर कितीही गयावया करो. कागद कशासाठी असतो, हे मला कुणी शिकवायची गरज नव्हती.

आपा आमच्या वरच्या मजल्यावर राहतात. उर्दू शाळेतून मुख्याध्यापिका म्हणून निवृत्त झाल्या. सगळी बिल्डिंग त्यांना आपाच म्हणते. माझ्या मुलीचं गणित त्यांनी दहावीपर्यंत पाहिलं आणि फीचा विषय काढला की म्हणायच्या, "मुलगी हुशार आहे, तुमच्यावर गेली नाही, हीच फी समजा." त्यांचे मिस्टर होते तेव्हा ते आणि मी एकाच संध्याकाळी, एका हॉटेलातल्या फुकटच्या जेवणाला भुलून सुट्ट्यांच्या क्लबाचे सभासद झालो. अशा क्लबात दरवर्षी ठरावीक पॉइंट मिळतात आणि त्या पॉइंटांवर त्यांच्या रिसॉर्टमध्ये खोली घेता येते. न वापरलेले पॉइंट वर्ष सरलं की बुडतात. माझे बहुतेक वर्षी बुडायचे.

त्या वर्षी आपांना पॉइंट कमी पडत होते. त्यांना महाबळेश्वरला दोन कॉटेज हवी होती, शेजारीशेजारी. एक स्वतःसाठी, एक धाकट्या बहिणीसाठी. बहीण हैदराबादला असते. अकरा वर्षं दोघी एकमेकींशी बोलल्या नव्हत्या. का, ते तेव्हा आपांनी सांगितलं नाही आणि मीही विचारलं नाही. इतकंच म्हणाल्या, "छोटी भेटायला तयार झालीय. पण म्हणते, माझ्या घरी येणार नाही आणि मला तिच्या घरी बोलावणार नाही. तिसऱ्याच जागी भेटायचं. आणि राहायचं ते आपापल्या खोलीत, एकमेकींची मेहमान होऊन नाही."

माझे पॉइंट पडूनच होते. मी म्हटलं, घेऊन टाका. त्यांनी रक्कम ठरवली, ती वाजवी होती.

दुसऱ्या दिवशी त्या खाली आल्या तेव्हा त्यांच्या हातात क्लबचा हस्तांतराचा फॉर्म होता. त्यांचा भाग त्यांनी आधीच भरलेला होता. माझ्या सहीच्या जागी पेन्सिलीनं बारीक फुली केली होती.

"भाऊ, मी क्लबात फोन करून विचारलं," त्या म्हणाल्या. "आपण दोघांनी सह्या करून हा पाठवला की ते तुमचे पॉइंट माझ्या खात्यात टाकतात. आठ दिवस लागतात. त्यांचं पत्र आलं की मी तुम्हाला पैसे देते. मग दोन्ही खोल्या मीच माझ्या नावानं घेते."

इतकं सरळ, इतकं बरोबर. कारखान्यात हेच कुणी केलं असतं तर मी त्याला शाबासकी दिली असती. पण घरी, माझ्याच सोफ्यावर बसून कुणी मला सही मागतंय, पत्र आल्यावर पैसे देते म्हणतंय, हे मला लागलं. मी फॉर्म हातात घेतलाच नाही.

"आपा," मी म्हणालो, "पंधरा वर्षं एका छताखाली राहतो आपण. तुमच्या घराची किल्ली आमच्या खिळ्याला असते. आणि आता फॉर्म?"

"तसं नाही, भाऊ."

"मग कसं? मी काय पळून जाणाराय का पॉइंट घेऊन? खोली मीच घेतो माझ्या खात्यावरून, तुमच्या बहिणीच्या नावानं. आत्ता, तुमच्यासमोर. आठ दिवस कशाला पाहिजेत?"

आपा थोडा वेळ फॉर्मकडे पाहत राहिल्या. काहीतरी सांगावं की नाही, असं त्यांच्या मनात चाललं असावं. मग फॉर्मची घडी घालत म्हणाल्या, "माफ करा. माझं चुकलं. तुम्हाला वाईट वाटावं असं मनात नव्हतं."

मी म्हणालो, "जाऊ द्या, होतं असं." मोठ्या मनानं. हे वाक्य मला आज लिहितानाही घाम फोडतं.

खोली मी तिथंच मोबाइलवरून घेतली. आपांनी लगेच पैसे दिले. त्या वर गेल्यावर बायको स्वयंपाकघरातून म्हणाली, "कारखान्यात कागदाबिगर सुई आत घेत नाय तुम्ही. अन् आपांनी एक सही मागितली तर मिरची झोंबली व्हय?"

"तुला नाही कळायचं."

"मला लई कळतं. बाईमाणसानं विचारून-सवरून काम केलं की तुम्हाला झोंबतं."

मी टीव्हीचा आवाज वाढवला.

माझ्या खात्यात आणखी थोडे पॉइंट शिल्लक होते. आमच्या जिल्ह्यातल्या सभासदांचा मोबाइलवर एक ग्रुप आहे, तिथं लोक आपसांत पॉइंट देतात-घेतात. मीही लिहिलं, इतके शिल्लक आहेत, कुणाला हवेत का. सोबत खात्याचं चित्र टाकलं. त्यावर माझा सभासद क्रमांक होता, आपांच्या बहिणीचं बुकिंगही दिसत होतं. ग्रुपात दोनशेच्या वर माणसं होती आणि त्यांतली दहासुद्धा मला ठाऊक नव्हती.

दुसऱ्या दिवशी फोन आला. मोकळा, गावरान आवाज.

"दादा, ग्रुपातून बोलतोय. मी कन्नड तालुक्यातला. तुमचं गाव कोणतं म्हणायचं?"

"देवगाव रंगारी."

"अरं, मंग घरचेच की आपण. माझी मावशी दिलीय तिथं."

पाच-सात मिनिटं आम्ही पॉइंटाबद्दल बोललोच नाही. कापूस, कपाशीवरची अळी, शाळेजवळ झालेली नवी दुकानं. दुकानांचं मीच सांगितलं आणि तो म्हणाला, "व्हय, व्हय, तीच." मग म्हणाला, "दादा, आपल्या माणसांत काय लिखापढी करायची? किती पॉइंट शिल्लक हायेत तेवढं बघतो अन् पैसे टाकतो. तुमच्या फोनवर एक नंबर येईल, तो सांगा."

नंबर आला. मी चष्मा लावला आणि वाचून सांगितला. त्या संदेशातच खाली लिहिलं होतं की हा नंबर कुणालाही सांगू नका. तीही ओळ मी वाचली. वाचली आणि मला वाटलं, ती परक्यांसाठी आहे.

पैसे आले नाहीत. दोन दिवसांनी खातं उघडून पाहिलं तर पासवर्ड चुकीचा म्हणून येऊ लागलं. पुन्हा केलं, पुन्हा तेच. मोबाइलवर नवा नंबर मागवला, तो आलाच नाही. मी स्वतःला सांगितलं, साइट बंद असेल. कारखान्यात वर्षअखेरीची तपासणी चालू आहे, ती संपली की बघू. तरी मी त्या माणसाला दोनदा फोन लावला. बंद होता. मला तेव्हाच कळायला हवं होतं. कदाचित कळलंही होतं. क्लबाला फोन केला असता तर त्यांनी विचारलं असतं, नंबर कुणाला दिलात? ते उत्तर मला द्यायचं नव्हतं. म्हणून मी नऊ दिवस गप्प बसलो.

आणि मग जिन्यात आपा. हातात गुलमंडीतल्या दुकानाची पिशवी. "छोटीसाठी कापड आणलं," त्या म्हणाल्या. "तिला फिके रंग आवडतात. अजून आवडत असतील तर." मग तो प्रश्न विचारला. मी उत्तर दिलं.

दोन दिवसांनी दुपारी, नुकताच डबा खाऊन मी टेबलाशी परतलो होतो, महाबळेश्वरहून आपांचा फोन आला. आवाज शांत होता, वर्गात पोरं गोंधळ घालत असताना असायचा तसा.

"भाऊ, रिसेप्शनवरचे साहेब म्हणतात, माझी खोली आहे. छोटीच्या नावाची नाही."

मी म्हणालो, "असं कसं होईल? त्यांना फोन द्या."

पलीकडच्या माणसानं माझा सभासद क्रमांक विचारून पाहिला आणि म्हणाला, "सर, हे बुकिंग तुमच्याच खात्यावरून रद्द झालंय. बारा दिवस झाले. त्या पॉइंटांवर दुसरीकडे खोल्या घेतल्या गेल्यात."

माझ्या हातात मोजपट्टी होती. ती मी टेबलावर ठेवली आणि परत उचलली. मला ऐकू येत होतं, पण अर्थ लागत नव्हता. दुसरी खोली द्या म्हणालो, लागेल ते भरतो म्हणालो. सुट्ट्यांचे दिवस होते, एकही खोली रिकामी नव्हती. फोन परत आपांकडे गेला असावा, कारण मागून एका बाईचा आवाज आला, न चढवलेला.

"यहाँ भी कमरा तुमाराच है, आपा. मेरा नै."

आपा तिला म्हणत होत्या, तू माझी खोली घे, मी इथं लॉबीत बसते. ती म्हणाली, "नक्को." मग फोन बंद झाला.

मी बाजारपेठेतल्या सहा-सात लॉजना फोन केले. एक खोली मिळाली तीही पाच किलोमीटरवर. ते सांगायला आपांना फोन लावला तेव्हा त्या म्हणाल्या, "गेली ती. पुण्याला गेली, तिथून परतीची गाडी धरायला. सोबत तिचे मिस्टर होते, त्यांच्या गुडघ्याचं दुखणं आहे, त्यांना धड चहासुद्धा घेता आला नाही." आणि थांबून, "तुम्ही जेवलात का?"

पोलिसांच्या सायबर विभागात एक बाई तक्रार लिहून घेत होत्या. त्यांनी विचारलं, "नंबर तुम्ही स्वतः सांगितला?"

"हो."

"कुणाला?"

"ओळखीच्या माणसाला."

"कधी भेटलात त्याला?"

"भेटलो नाही."

"मग ओळख कशी?"

मी म्हणालो, "त्याची मावशी आमच्या गावात दिलीय." टाइप करायच्या थांबून त्यांनी माझ्याकडे पाहिलं. हसल्या नाहीत. हसल्या असत्या तर बरं झालं असतं. बाहेर येऊन मी गावी चुलतभावाला फोन केला आणि त्या माणसानं सांगितलेलं आडनाव विचारलं. तो म्हणाला, या आडनावाचं घर आपल्याकडं कधीच नव्हतं.

क्लबाच्या कार्यालयातल्या माणसानं सगळं नीट समजावलं. खोली ज्याच्या खात्यावर, तिचा धनी तो. पाहुणा म्हणून नाव कुणाचंही असो, खातं ज्याच्या हातात तो ती केव्हाही रद्द करू शकतो. "सर, त्या मॅडमना तुम्ही फॉर्म भरून पॉइंट दिले असते, तर तुमचं खातं लुटलं गेलं असतं तरी त्यांची खोली राहिली असती," तो म्हणाला. "त्यांनी आम्हाला आधी फोन करून हेच विचारलं होतं. नोंद आहे आमच्याकडे." मी त्याला विचारलं, खातं बंद झाल्याचं मी पहिल्याच दिवशी कळवलं असतं तर? तो म्हणाला, "तर बुकिंग बहुतेक परत लावता आलं असतं. दहा-बारा दिवस हातात होते."

पंधरा वर्षं शेजारी राहणाऱ्या बाईला मी सही नाकारली. न पाहिलेल्या माणसाला किल्ली दिली. तो माणूस आमच्याकडच्यासारखा बोलत होता, एवढाच फरक. आपांच्या जागी आमच्या नात्यातली कुणी फॉर्म घेऊन आली असती, तर मला इतकं लागलं असतं का? हा प्रश्न मी स्वतःला विचारला आणि उत्तर आलं तेव्हा मला माझीच भीती वाटली. मी स्वतःला तसला माणूस समजत नव्हतो.

आपा परत आल्या. मी वर गेलो, पैसे पाकिटात घालून. सगळं सांगितलं. म्हणजे चोराचं सगळं सांगितलं. त्यांनी पाकीट न मोजता कपाटावर ठेवलं.

"तुमच्यावर राग नाही," त्या म्हणाल्या. "तुमचंही गेलंच की. पण छोटी फोन उचलत नाही. तिला वाटतं, मी मुद्दाम केलं."

"मुद्दाम कोण कशाला करेल?"

तेव्हा त्यांनी सांगितलं. जुन्या शहरात त्यांच्या वडिलांचं घर होतं. वडील बोलता बोलता म्हणाले होते, वरची खोली छोटीची, ती कधीही येईल, कधीही राहील. कागद केला नाही. घरातल्या घरात कागद कसला, असं तेव्हा सगळ्यांनाच वाटलं. वडील गेले, घर विकायची वेळ आली. आपांना आठवत होतं की खोली राहण्यापुरती होती. बहिणीला आठवत होतं की ती तिच्या मालकीची होती. दोघीही खोटं बोलत नव्हत्या. "तेव्हापासून, भाऊ, मी माणसावर विश्वास असला की आधी कागद करते," आपा म्हणाल्या. "विश्वास टिकावा म्हणून."

फॉर्म घेऊन आल्या होत्या, त्या दिवशी हेच सांगणार होत्या. मी बोलू दिलं नाही.

तीन आठवडे मी हे पोटात घेऊन फिरलो. आपा जिन्यात भेटायच्या, मुलीची चौकशी करायच्या. दर वेळी मला वाटायचं आता सांगावं की मला नऊ दिवस आधी शंका आली होती, आणि दर वेळी मी पाण्याच्या टँकरबद्दल बोलायचो. एका रविवारी बायकोनं विचारलं, "पैसे दिलेत ते बरं केलं. माफी कवा मागणार?"

"मागितली की."

"कुणाची? आपांची? अहो, त्यांनी तुम्हाला तिथंच माफ करून टाकलंय. ज्या बाईला दारातून परत जावं लागलं तिला कुणी सांगितलंय का काही?"

मी त्याच संध्याकाळी वर गेलो आणि आपांना खरं सांगितलं, की जिन्यात मी न बघताच हो म्हणालो होतो. पहिल्यांदाच त्यांचा चेहरा माझ्यासाठी बंद झालेला मी पाहिला. मग मी हैदराबादचा पत्ता मागितला. त्यांनी तो लिहून दिला. "जाऊ नका" असं म्हणाल्या नाहीत, "जा" असंही नाही.

हैदराबादला दार बहिणीच्या मिस्टरांनी उघडलं, काठीला धरून. मी कोण ते सांगितल्यावर त्यांनी आत बघितलं. ती आली. आपांसारखीच भुवया, आपांसारखंच मान किंचित वाकडी करून ऐकणं.

"आपाने भेजे?"

मी हिंदीत जुळवाजुळव करू लागलो.

"मराठीत बोला," ती म्हणाली. "लग्न होईपर्यंत औरंगाबादेतच होते मी. विसरले नाही."

मी उभ्यानंच सगळं सांगितलं. फॉर्म, माझं रागावणं, फोनवरचा माणूस, नंबर, नऊ दिवस, जिना. तिनं मध्ये एकदाच थांबवलं.

"मग आपाची खोली कशी राहिली?"

"ती त्यांच्या स्वतःच्या खात्यावर होती. तुमची माझ्या खात्यावर होती. त्यांना दोन्ही स्वतःच्या खात्यावर घ्यायच्या होत्या. त्यासाठीच त्या फॉर्म घेऊन माझ्याकडे आल्या होत्या."

"कागद?" ती म्हणाली. "आपा कागद घेऊन आली होती? माझ्या खोलीसाठी?"

"हो. भरून आणला होता. फक्त माझी सही राहिली होती. ती मी केली नाही."

ती खुर्चीच्या पाठीवर हात ठेवून उभी राहिली. तिचे मिस्टर हळूच खाली बसले. मी प्रवासभर काय बोलायचं ते पाठ करत आलो होतो, त्यातलं काही आठवलं नाही. मी हात जोडले आणि म्हणालो, "ताई, तुमच्या बहिणीनं तुमच्यासाठी सगळं बरोबर केलं होतं. मी मन दुखावल्याचं निमित्त करून त्यांना गप्प केलं, आणि चूक लक्षात आल्यावरही खोटं बोललो. तुम्हाला तिथं सगळ्यांसमोर जे सोसावं लागलं, ते माझ्यामुळं. मला माफ करा. आणि नसेल करायचं, तर मला करू नका, पण आपांना त्यात धरू नका."